छाया मंत्रिमंडळ कसं उभं करायचं: विरोधी बाकांवर नव्याने बसलेल्यांसाठी

निवडणूक हरल्यावर पक्षात एक सूचना हमखास येते: "आपण छाया मंत्रिमंडळ करू या." दोन दिवसांत नावं ठरतात, पत्रकार परिषद होते, यादी छापून येते. तीन महिन्यांनी पाटबंधारे खातं कोणाकडे दिलं होतं असं विचारलं, तर ज्याच्याकडे दिलं त्यालाही आठवावं लागतं. मी बरीच वर्षं विरोधी बाकांवरच्या सदस्यांसाठी प्रश्न आणि टिपणं लिहितो आहे, आणि हे एकाहून अधिक वेळा जवळून पाहिलं आहे. नावं जाहीर करणं हे सगळ्यात सोपं काम, म्हणून ते आधी उरकलं जातं. त्यानंतर काय करायचं ते इथे क्रमाने सांगतो. तुम्ही पहिल्यांदा निवडून आलेले सदस्य असा, पक्षाच्या कार्यालयात काम करणारे असा, किंवा एखाद्या छायामंत्र्याचे मदतनीस असा, तिघांनाही ते उपयोगी पडावं.

१. आपण काय उभं करतोय ते आधी नीट समजून घ्या

सरकारातल्या प्रत्येक मंत्र्यासमोर विरोधी पक्षाचा एक ठरलेला माणूस, म्हणजे छाया मंत्रिमंडळ. त्याने त्या खात्यावर रोज नजर ठेवायची, सभागृहात पक्षाच्या वतीने त्या विषयावर बोलायचं, आणि उद्या सत्ता आली तर ते खातं चालवायची तयारी आजपासून करायची. शपथ नाही, सचिव नाही, सरकारी फाईल मागवायचा अधिकार नाही. ब्रिटनमध्ये विरोधी पक्षनेत्याला कायद्याने पगार मिळू लागला तो १९३७ साली, कॅनडात त्याही आधी, १९०५ मध्ये. पण कॉमन्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, आजही विरोधी पक्षनेता आणि प्रतोद सोडले तर बाकीच्या छायामंत्र्यांना वेगळा पगार नाही. सगळा डोलारा प्रथेवर उभा आहे.

ही प्रथा हळूहळू घडली. सरकारला विरोध करणारेही राजाचेच निष्ठावंत, या अर्थाचा 'हिज मॅजेस्टीज ऑपोझिशन' हा शब्दप्रयोग १८२६ साली जॉन कॅम हॉबहाउस यांनी सभागृहात प्रथम केला, तोही गमतीने. तो टिकला, कारण त्यातली कल्पना खरी होती. पुढे कितीतरी वर्षं विरोधातले माजी मंत्री एकत्र बसत आणि ज्याला जो विषय सुचेल त्यावर बोलत. मजूर पक्षाच्या क्लेमंट ॲटली यांनी १९५५ मध्ये खाती रीतसर वाटून दिली, तेव्हा आजचा आकार आला. नवख्यांनी इतिहासातून एवढं घ्यावं: खातं ठरवून दिल्याशिवाय छाया मंत्रिमंडळ होत नाही, तोवर ती फक्त ज्येष्ठांची बैठक असते.

नावं देशागणिक वेगळी आहेत. ऑस्ट्रेलियात 'शॅडो मिनिस्टर' म्हणतात, कॅनडात 'क्रिटिक' हा शब्द रुळला, न्यूझीलंडमध्ये 'स्पोक्सपर्सन'. काम तेच.

२. माणसं मोजा, मग खाती मोजा

सरकारात तीस खाती आणि तुमचे सदस्य अठरा, अशी परिस्थिती नेहमीची. अशा वेळी खाती एकत्र करावी लागतात. ती करताना नावांचा सारखेपणा बघू नका, पैसा कोणत्या वाटेने जातो ते बघा. पाणीपुरवठा आणि नगरविकास एकाच माणसाकडे चालतात, कारण दोन्हींचा पैसा शेवटी त्याच नगरपालिकांपर्यंत पोचतो आणि तक्रारही एकाच दारात येते. अर्थ खातं मात्र कशातही मिसळू नका. अर्थ बघणाऱ्याला बाकी सगळ्यांची खाती बघावी लागतात, त्याला दुसरं ओझं देणं म्हणजे दोन्ही कामं अर्धी.

मांडणी सरकारच्या मांडणीला समांतर ठेवा. मंत्री उत्तराला उभा राहिला की समोर कोण उठणार हे तुमच्या बाकावर कोणालाही विचारावं लागू नये. सरकारने खाती फोडली किंवा जोडली, तर तुमचीही यादी त्याच आठवड्यात बदला.

संख्या फार वेगवेगळी असू शकते. ओडिशात २०२४ साली सत्ता गेल्यावर बिजू जनता दलाने आपल्या ५० आमदारांना खाती वाटून दिली, म्हणजे जवळजवळ सगळा पक्षच कामाला लावला. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने मार्च २०२० मध्ये छाया मंत्रिमंडळ जाहीर केलं तेव्हा विधानसभेत त्यांचा एकच आमदार होता. सभागृहाबाहेरची माणसं घ्यायला काहीच हरकत नाही. ती अभ्यास करतील, माहितीचा अधिकार वापरतील, लोकांत जातील. पण प्रश्न त्यांना मांडता येत नाही, विधेयकावर बोलता येत नाही, दुरुस्ती सुचवता येत नाही. म्हणून बाहेरच्या प्रत्येकाची जोडी सभागृहातल्या कोणाशी तरी आहे, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

३. माणूस निवडताना

निवडीच्या दोन रीती आहेत. बहुतेक पक्षांत नेता नेमतो. ब्रिटिश मजूर पक्षात विरोधात असताना खासदार मतदान करून छाया मंत्रिमंडळ निवडत, २०११ मध्ये ती पद्धत बंद झाली आणि नेमणूक नेत्याच्या हाती गेली. निवडणुकीने आलेल्या माणसाला स्वतःचा पाठिंबा असतो, नेत्याने नेमलेला नेत्याच्या मर्जीवर राहतो. माझ्या मते नव्या, लहान पक्षाने नेमणुकीचीच वाट धरावी. आधीच माणसं कमी, त्यात आपसातल्या निवडणुकीची कटुता परवडत नाही.

चांगला बोलतो म्हणून खातं देऊ नका. मी एक साधी कसोटी सुचवतो. इच्छुकाच्या हातात त्या खात्याचा वार्षिक अहवाल द्या आणि आठ दिवसांनी पाच शंका घेऊन यायला सांगा. मतं नकोत, शंका हव्यात. ज्याच्या शंकांत पान क्रमांक असतात तो तुमचा माणूस. जो "एकूणच अनागोंदी आहे" एवढंच घेऊन येतो त्याच्याकडे प्रचाराचं काम द्या, ते तो उत्तम करील.

माजी मंत्र्यांचा प्रश्न नाजूक असतो. त्यांना खातं आतून माहीत असतं, कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो ते ठाऊक असतं. पण ते त्याच खात्यावर बोलायला उठले की समोरून एकच वाक्य येतं, "हे तुमच्याच काळात सुरू झालं," आणि चर्चा तिथेच संपते. त्यांना शक्यतो दुसरं खातं द्या आणि जुन्या खात्याच्या नव्या छायामंत्र्याला शिकवायची जबाबदारी द्या. ज्याच्या घरात रस्त्यांची कंत्राटं आहेत त्याला बांधकाम नको, हे सांगायला अवघड वाटतं, पण सांगा.

माणसं घडतात ती अशाच कामातून. १९६४ ते १९७० या सहा वर्षांत पुढे ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर यांनी विरोधी बाकांवर एकामागून एक सहा जबाबदाऱ्या सांभाळल्या. पेन्शन, घरबांधणी, अर्थखात्याची तुकडी, ऊर्जा, वाहतूक आणि शेवटी शिक्षण. १९७० मध्ये पक्ष जिंकला तेव्हा त्या शिक्षणमंत्रीच झाल्या.

आणि प्रत्येकाला एक दुय्यम हवाच. १९७० मध्येच त्यांच्याच पक्षाचे इयन मॅक्लिऑड पाच वर्षं छाया अर्थमंत्री राहून खरे अर्थमंत्री झाले, आणि महिनाभरात, २० जुलैला, वारले. पाच वर्षांची तयारी एकाच डोक्यात राहिली तर काय होतं, याचा विचार ते नाव आठवलं की मी दर वेळी करतो. मंत्र्याच्या मागे निदान कार्यालय असतं, छायामंत्र्याच्या मागे फक्त त्याची फाईल असते.

४. खात्याची फाईल

इथे थोडा वेळ थांबतो, कारण सगळं काम इथेच आहे.

नेमणुकीनंतरचे पहिले तीस दिवस छायामंत्र्याने माईकपासून दूर राहून फाईल करावी. खात्याचा नकाशा आधी: किती विभाग, कोणती महामंडळं, मंजूर पदं किती आणि भरलेली किती. मग गेल्या पाच वर्षांतले लेखापरीक्षा अहवाल, समित्यांचे अहवाल, न्यायालयात चालू असलेली मोठी प्रकरणं. हे सगळं उघड कागदांतून मिळतं, कोणाच्या उपकाराची गरज नसते.

मग पैसा. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात एकेका योजनेचे तीन प्रकारचे आकडे असतात: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. नवख्या माणसाची पहिली चूक अशी की तो यंदाच्या पुस्तकातला यंदाचा आकडा घेऊन भाषण करतो. एकाच वर्षाचे हे तिन्ही आकडे सहसा एका पुस्तकात शेजारी शेजारी सापडत नाहीत. पहिला त्या वर्षीच्या पुस्तकात, दुसरा पुढच्या वर्षीच्या, तिसरा त्याच्याही पुढच्या. म्हणून तीन पुस्तकं उघडून एका कागदावर ओळ मांडावी लागते. समजा, एका योजनेला १०० दाखवले होते, सुधारित अंदाजात ६४ झाले आणि प्रत्यक्ष खर्चात ३९ उरले. टाळ्या १०० ला मिळाल्या, बातमी १०० ची झाली, आणि काम ३९ चं झालं. खात्यातल्या पहिल्या दहा योजनांची अशी एकेक ओळ काढलीत, तर खातं कुठे आजारी आहे ते भाषण न करता दिसतं. मी हे काम वहीवर पेन्सिलीने करतो. हाताने आकडा लिहिला की तो लक्षात राहतो, आणि सभागृहात ऐन वेळी लक्षात असलेला आकडाच कामी येतो.

तिसरा भाग आश्वासनांचा. मंत्री सभागृहात म्हणतो, "तीन महिन्यांत चौकशी पूर्ण करू." तारीख, वाक्य जसंच्या तसं, आणि मुदत कधी संपते, एवढं एका ओळीत टिपा. कॅलेंडरवर खूण करा. मुदत संपलेल्या दिवशी प्रश्न तयार असला पाहिजे. बऱ्याच विधिमंडळांत आश्वासन समितीही असते, तिच्या नोंदी ताडून पाहा.

चौथा भाग माणसांचा. खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, परिचारिका, शिक्षक, लेखापाल, त्या विषयावर दहा वर्षं लिहिणारे पत्रकार, विद्यापीठातले अभ्यासक. त्यांच्याकडे गुपितं मागू नका, समज मागा. निवृत्त लेखापालाला तास दोन तास विचारलं की पुस्तकातली कोणती ओळ खरी आणि कोणती वर्षानुवर्षं तशीच उतरवलेली, ते कळतं. नोकरीत असलेल्या माणसाला कागद बाहेर आणायला कधीही सांगू नका. त्याची नोकरी जाते, तुमचं एक भाषण होतं.

पैशाअभावी हे सगळं रखडतं ही तक्रार खरी आहे. ब्रिटनमध्ये १९७५ पासून विरोधी पक्षांना संसदीय कामासाठी सरकारी तिजोरीतून पैसे मिळतात. ती सोय आणणारे सभागृहनेते एडवर्ड शॉर्ट यांच्यावरून त्याला 'शॉर्ट मनी' म्हणतात, आणि रक्कम जागा व मतं यांवरून ठरते. जिथे अशी सोय नाही तिथे पक्षाने निदान दोन अभ्यासू माणसं पगारावर ठेवावीत, असं मी आग्रहाने सांगेन.

५. प्रश्न असा लिहा की टाळता येऊ नये

नवखा छायामंत्री पहिला प्रश्न साधारण असा पाठवतो: "आरोग्य व्यवस्था पूर्णपणे कोलमडली आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्याची कारणे काय?"

छापील उत्तर येतं: "हे खरे नाही." आणि दुसऱ्या भागापुढे: "प्रश्न उद्भवत नाही." संपलं. पंधरा दिवस आधी दिलेली सूचना, मिळालेला क्रमांक, सगळं वाया.

आता हाच प्रश्न असा लिहून बघा: "मागील आर्थिक वर्षात ग्रामीण रुग्णालयांसाठी किती रुग्णवाहिकांच्या खरेदीस मंजुरी देण्यात आली, ३१ मार्चपर्यंत त्यांपैकी किती प्रत्यक्ष ताब्यात आल्या, आणि ताब्यात आलेल्यांपैकी किती रुग्णवाहिकांवर चालक नेमण्यात आले?"

इथे "खरे नाही" म्हणायला जागाच नाही. तीन आकडे द्यावे लागतात, आणि खरा प्रश्न तिसऱ्या आकड्यात आहे. गाडी आली आणि चालक नाही, तर ती आवारात उभी आहे. उत्तर आल्यावर उपप्रश्न तोंडी विचारायचा तो याच फरकावर, एका वाक्यात: उभ्या असलेल्या गाड्या कोणत्या तारखेला रस्त्यावर येतील? तारीख मिळाली की ती आश्वासनांच्या यादीत.

तोंडी उत्तराच्या प्रश्नांची जागा फार थोडी असते. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न असतात, त्यांना तारांकित म्हणतात, आणि त्यांतलेही मोजकेच चर्चेला येतात. म्हणून तारांकितसाठी असा प्रश्न ठेवा ज्यात उपप्रश्नाला वाव आहे, आणि नुसती आकडेवारी हवी असेल ती अतारांकितमधून, म्हणजे लेखी उत्तराच्या प्रश्नांतून, काढा. ब्रिटनमध्ये दर बुधवारच्या पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांत विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न मिळतात. सहा वेगळे विषय घ्यायचे की एकाच विषयावर सहा वेळा खोदायचं, हा निर्णय दर आठवड्याचा. मला स्वतःला एकच विषय धरलेली सत्रं जास्त परिणामकारक वाटतात, कारण तिसऱ्या प्रश्नापर्यंत तयार उत्तरं संपलेली असतात.

बाकीची आयुधं विसरू नका: लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणं), अर्धा तास चर्चा (आधी मिळालेल्या उत्तरावर पुढे चर्चा), स्थगन (ठरलेलं कामकाज थांबवून तातडीची चर्चा), कपात सूचना (खात्याने मागितलेली रक्कम कमी करा अशी सूचना). यांतलं प्रत्येक आपापल्या कामाचं आहे आणि नियमांच्या पुस्तकात सविस्तर दिलेलं आहे. ते पुस्तक एकदा सलग वाचून काढा. ब्रिटिश कॉमन्समध्ये एका अधिवेशनात २० दिवसांचा विषय विरोधक ठरवतात, त्यांतले १७ मुख्य विरोधी पक्षाचे. असे दिवस मिळत असतील तर त्यांची वाटणी वर्षाच्या सुरुवातीलाच करा, नाहीतर जो मोठ्याने मागतो त्यालाच सगळे जातात.

६. आठवड्याची बैठक आणि एक आवाज

वार आणि वेळ ठरवा आणि काहीही झालं तरी मोडू नका. कार्यक्रमपत्रिका छोटी असावी: येत्या आठवड्यात सभागृहात काय येतंय, कोण बोलणार, आणि कोणती मुदत संपतेय. शेवटी कोणीतरी अर्ध्या पानाचं इतिवृत्त लिहून त्याच रात्री सगळ्यांना पाठवावं.

पैशाचा एक नियम मात्र लोखंडी ठेवा. खर्च वाढवणारं किंवा कर कमी करणारं कोणतंही आश्वासन छाया अर्थमंत्र्याच्या लेखी संमतीशिवाय बाहेर जाणार नाही. हे मी ठेच लागून शिकलो. एकाच सकाळी आमच्या दोन सदस्यांनी दोन वाहिन्यांवर एकाच कर्जमाफीचे दोन वेगळे आकडे सांगितले. एकाचं टिपण जुनं होतं. ते टिपण मीच महिन्यापूर्वी केलं होतं आणि त्यावर तारीख टाकली नव्हती. दुपारपर्यंत मंत्री दोन्ही आकडे शेजारी धरून उभे होते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक टिपणावर पहिल्या ओळीत तारीख असते आणि जुनं टिपण रद्द झाल्याचं त्या त्या माणसाला फोन करून सांगतो.

सामूहिक जबाबदारी छाया मंत्रिमंडळालाही लागू पडते. आत कडाक्याचं भांडा, बाहेर एकच भूमिका. इनॉक पॉवेल यांनी २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध भाषण केलं, दुसऱ्या दिवशी त्यांचे पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना छाया संरक्षणमंत्रिपदावरून काढलं. काही विषय मात्र सदसद्विवेकाचे असतात आणि तिथे मोकळीक द्यावी लागते, पण ती आधी जाहीर करून. २ डिसेंबर २०१५ ला सीरियातल्या हवाई हल्ल्यांवर मजूर पक्षाने मुक्त मतदान दिलं होतं, म्हणूनच छाया परराष्ट्रमंत्री हिलरी बेन आपल्या नेत्याच्या मताविरुद्ध बोलू शकले. सात महिन्यांच्या आतच, जून २०१६ मध्ये, त्याच बेन यांना पदावरून काढलं आणि पाठोपाठ छाया मंत्रिमंडळातल्या बहुतेकांनी राजीनामे दिले. जागा भरायला माणसं पुरेनात. पॉल फ्लिन या ऐंशी ओलांडलेल्या खासदाराला एकाच वेळी दोन पदं सांभाळावी लागली. नेता आणि त्याची माणसं यांच्यातला विश्वास गेला की कितीही फाईली तयार असल्या तरी त्या वाचायला कोणी उरत नाही.

७. पर्यायी धोरण कधी आणि किती उघड करायचं

"तुम्ही असता तर काय केलं असतं?" हा प्रश्न रोज येतो आणि तो योग्यही आहे. ज्याच्याकडे उत्तर नाही त्याने खातं घेऊ नये. पण उत्तर असणं आणि ते पूर्ण तपशिलासह निवडणुकीच्या दोन वर्षं आधी छापणं, यात फरक आहे.

ऑस्ट्रेलियाचे विरोधी पक्षनेते जॉन ह्युसन यांनी नोव्हेंबर १९९१ मध्ये 'फाइटबॅक' नावाचा आराखडा मांडला, साडेसहाशे पानांचा, त्यात १५ टक्के वस्तू व सेवा कर. सरकारला त्यातलं प्रत्येक पान चिरायला सोळा महिने मिळाले. ३ मार्च १९९३ ला दूरचित्रवाणीवर त्यांना साधं विचारलं, वाढदिवसाचा केक महागेल की स्वस्त होईल? केक आईसिंगचा की साधा, मेणबत्त्या आहेत का, अशा फाट्यांत उत्तर अडकलं. दहा दिवसांनी ते निवडणूक हरले. ह्युसन अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, प्रामाणिक होते, आणि ऑस्ट्रेलियात तसा कर २००० साली लागू झालाच, १० टक्क्यांनी. त्यांच्या बाबतीत मला वाईट वाटतं ते यासाठी की तयारी खरी होती, पण ती एका वाक्यात सांगायचा सराव नव्हता.

ब्रिटनमध्ये छाया अर्थमंत्री जॉन स्मिथ यांनी मार्च १९९२ मध्ये, मतदानाला महिनाही उरला नसताना, पूर्ण छाया अर्थसंकल्प मांडला. वरच्या उत्पन्नावर ५० टक्के कर, राष्ट्रीय विम्याच्या हप्त्याची वरची मर्यादा काढणार, सगळं स्वच्छ लिहून. सत्ताधाऱ्यांनी प्रचारात त्यावरच हल्ला चढवला आणि मजूर पक्ष हरला. केवळ त्यामुळेच हरला असं मी म्हणणार नाही. पण स्मिथ यांच्यानंतरचे छाया अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी त्यातून धडा घेतला. १९९७ च्या जानेवारीत त्यांनी जाहीर केलं की पहिली दोन वर्षं चालू सरकारच्या खर्चमर्यादाच पाळू. एकदम समोरच्याचा मुख्य मुद्दा गेला.

यातून मी स्वतःसाठी काढलेली रीत अशी: दिशा पहिल्या वर्षी सांगा, दोन-तीन ठोस आणि परवडणारी वचनं शेवटच्या वर्षी, आणि सगळा तपशील फाईलीत पूर्ण करून ठेवा. प्रत्येक प्रस्तावासाठी तुमचा तुमचा 'केकचा प्रश्न' शोधा. एका कुटुंबाला याने किती फरक पडेल, हे एका दमात सांगता येईपर्यंत तो प्रस्ताव बाहेर जाऊ देऊ नका.

८. मोठा अहवाल येतो तो दिवस

१५ फेब्रुवारी १९९६. इराकला शस्त्रसामग्री विकण्याच्या प्रकरणावरचा न्यायमूर्ती रिचर्ड स्कॉट यांचा अहवाल लंडनमध्ये प्रसिद्ध होणार होता. १,८०० हून अधिक पानं. मंत्र्यांच्या हाती तो काही दिवस आधीच पडला होता. छाया परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांना वाचायला दोन तास दिले, तेही एका खोलीत, देखरेखीखाली. ते बाहेर आले आणि सभागृहात उभे राहून त्यांनी सरकारच्या मांडणीतल्या फटी एकेक करून दाखवल्या. २६ तारखेच्या चर्चेनंतर मतदान झालं तेव्हा सरकार वाचलं ते ३२० विरुद्ध ३१९, एका मताने.

दोन तासांत १,८०० पानं कोणी वाचत नाही. कुक १९९२ पासून, छाया व्यापारमंत्री असल्यापासून, हे प्रकरण धरून होते. कोणत्या मंत्र्याने कोणत्या तारखेला काय म्हटलं होतं, हे त्यांना आधीच ठाऊक होतं, त्यामुळे अहवालात काय शोधायचं ते माहीत होतं. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या मदतनिसाला सांगतो.

तुमच्यावर असा दिवस आला तर: निष्कर्षाचा भाग आणि सरकारने काढलेलं प्रसिद्धिपत्रक शेजारी ठेवा, दोन्हींत न जुळणारं वाक्य शोधा. मग सूचीत तुमच्या आश्वासनांच्या यादीतली नावं आणि तारखा बघा. चौघांत पानं वाटून घ्या आणि प्रत्येकाने दोनच उतारे आणावेत, पान क्रमांकासह. पहिल्या प्रतिक्रियेत फक्त वाचलेल्याच पानांवर बोला. न वाचलेल्या पानावर मारलेला दगड परत आपल्याच डोक्यात बसतो.

९. सरकार बरोबर असेल तेव्हा

पाठिंबा द्या, उघडपणे, कारण सांगून. चांगल्या विधेयकाला दिलेला पाठिंबा तुमच्या पुढच्या विरोधाचं वजन वाढवतो. समितीच्या बंद खोलीत तर पक्षाची टोपी जरा बाजूला ठेवूनच काम होतं. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद भारतात १९६७ पासून विरोधकांकडे देण्याची प्रथा आहे, ब्रिटनमध्येही ते विरोधकांकडेच असतं. तिथे बसणाऱ्या तुमच्या माणसाची गुणवत्ता सर्वांत वरची हवी.

सभात्याग हे शेवटचं हत्यार आहे. बाहेर पडलात की आत विधेयक तीन मिनिटांत मंजूर होतं, आणि तुम्ही महिनाभर खपून लिहिलेली दुरुस्ती कोणी मांडत नाही.

१०. निवडणूक जवळ आल्यावर

ब्रिटनमध्ये १९६४ पासून अशी प्रथा आहे की निवडणुकीपूर्वी पंतप्रधानांच्या संमतीने छायामंत्री खात्याच्या सचिवांना भेटतात. आपल्या योजना सांगतात, अंमलबजावणीला काय लागेल ते चाचपतात. जिथे ही सोय नाही तिथे निवृत्त सचिवांबरोबर तीच बैठक घ्या. फाईलीत आता एक नवा भाग उघडा: पहिल्या दिवशी सही करायचं पत्र, पहिल्या महिन्यात काढायचा आदेश, आणि ज्याला कायदाच लागेल त्याचा मसुदा.

१९९७ मध्ये मतदान १ मेला झालं. ६ मेला अर्थमंत्री ब्राउन यांनी व्याजदर ठरवण्याचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडला देऊन टाकला. कल्पनेवरचं काम विरोधात असतानाच झालं होतं, म्हणून पाच दिवस पुरले.

आणि पुन्हा हरलात तर निकालानंतरच्या आठवड्यातच फाईल आवरायला घ्या. खासगी टिपणं काढून घ्या, माणसांच्या यादीतल्या प्रत्येकाला फोन करून नवा छायामंत्री कोण ते सांगा आणि त्यांची परवानगी घ्या. आश्वासनांची यादी नव्या सरकारच्या नावे पुन्हा सुरू करा, जुन्या मुदती खोडू नका. खातं बदललं असेल तर नव्या माणसाबरोबर निदान दोन दुपारी बसा आणि आकड्यांची ती वही त्याच्या हातात द्या.